नवमीचं पातं

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ जून २०२५

लीला,

आशीर्वाद घे आणि चष्मा लावून पुढचं वाच. अक्षर माझंच आहे, सुधारलेलं नाही.

मामा फोन का उचलत नाही म्हणून सौंदर्या रागावली असेल. तुझ्या लेकीला सांग, मामाला फोनवर फक्त मधमाश्या ऐकू येतात. पन्नास वर्षं ऐरणीशेजारी बसल्यावर कानांनी तरी किती साथ द्यायची? शेजारची वर्षाराणी मोबाइलवर टाइप करून देते म्हणते, पण परक्या पोरीसमोर बहिणीला काय सांगायचं ते मला सुचत नाही. त्यामुळे आपलं जुनं पोस्ट बरं.

डोळे मात्र नवे झाले. शाहूपुरीतल्या दवाखान्यात एप्रिलमध्ये एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मे महिन्यात दुसऱ्याचा. आता सगळं लख्ख दिसतं. तुझ्या वहिनीच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या आहेत हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर कळलं. तसं बोलून दाखवलं आणि दोन दिवस अळणी आमटी खाल्ली.

काम जोरात आहे. मटणवाल्या धैर्यशीलने चार सुरे सांगितलेत. आपल्या घरात अंडं शिजत नाही आणि निम्म्या कोल्हापूरचा रविवार आपल्या सुऱ्यांवर चालतो, हे तुझ्या बडोद्याच्या मैत्रिणींना कधी सांगितलंस का?

यंदा खंडेनवमी एक ऑक्टोबरला आहे. अप्पांचा नियम तू विसरली नसशील. वर्षभरातलं एक पातं, स्वतः घडवलेलं, न तडकलेलं, नवमीला ऐरणीवर ठेवायचं. ज्या वर्षी तसं पातं नसेल त्या वर्षी भट्टीत पाणी ओतायचं आणि दुसरा धंदा बघायचा. पंचावन्न वर्षांत एकदाही ऐरण रिकामी राहिली नाही. यंदाचं पातं मला तुझ्या घणाखाली करायचं आहे. मी सांडशीत लोखंड धरतो, हातोडीने जागा दाखवतो, तू समोरून घण टाक, पूर्वीसारखं. तुझा घाव दाखवलेल्या जागेपासून तसूभर हलत नसे, हे मी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. आठ दिवस काढ आणि ये. फार आठवण येते.

आण्णा

*

बडोदा
२० जून २०२५

आण्णा,

नमस्कार पोचला असं समज.

वहिनीला अळणी आमटीबद्दल माझ्यातर्फे शाबासकी दे. मी असते तर चहाही फिका दिला असता.

तुझं पत्र लेकीच्या घरच्या बाल्कनीत बसून तीनदा वाचलं. सातवा मजला. इथे सगळं आहे, जावई यशराज चांगला आहे, नात माझ्यावाचून जेवत नाही. पण आग म्हणशील तर गॅसची, एकाच निळ्या रंगाची. तिच्याकडे बघत उभी राहते आणि दूध उतू जातं. हे गेल्यापासून चार वर्षांत माझ्याकडे वेळच वेळ आहे, आणि तो सगळा मी आपल्या भट्टीपाशी घालवते. मला माणसांपेक्षा भट्टीची जास्त आठवण येते, रागावू नकोस. कोळशावर शिंपडलेल्या पाण्याचा वास, तापलेल्या पात्यावरून खपली सुटायची ती, तुझ्या बनियनला पडलेली भोकं.

एक सांगू? घणाचं कौतुक तुम्ही केलंत, पण मला कायम सांडशी हवी होती. अप्पांच्या जागेवर बसून एकदा तरी पातं आपण धरावं, तापलेल्या लोखंडाचा रंग आपण बघावा, बरोबर वेळी पाण्यात बुडवून त्याला पाणी आपण द्यावं. घरात रीत अशी की सांडशी मुलग्याची, घण बायकांचा. मी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. मग मला इतक्या लांब देऊन टाकलं. गल्लीतल्या मुली गल्लीत राहिल्या, मलाच अप्पांनी आगगाडीत बसवलं, आणि वर एक शब्द बोलले नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

यायचं म्हणशील तर सौंदर्याची बँकेची परीक्षा आहे, नातीला कोण बघणार? माझा हात ठणठणीत आहे, काळजी नको. सहा माणसांची कणीक मळते. फक्त आत्ता जमत नाही.

नवमीचं पातं झालं का ते लिही.

शिवलीला

*

शिवाजी पेठ
४ जुलै २०२५

लीला,

पत्रासोबत पत्र्याची डबी आहे, हळू उघड, आत पात्याचा तुकडा आहे. नातीच्या हाताला लागू देऊ नकोस.

झालं असं की एक पातं पाण्यात घातल्यावर तडकलं. मला तडकल्याची टिक ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे, पण सांडशीतून हाताला कळतं, आणि दारात उभ्या असलेल्या तुझ्या वहिनीच्या, दानम्माच्या तोंडावरूनही कळतं. एखादं पातं जायचंच, त्याचं मला काही नाही. पण माझा संशय लोखंडावर आहे. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे मी नेहमीच्या भंगारवाल्याकडूनच आणतो. हल्ली पाट्यातही भेसळ करत असतील. यशराजच्या कारखान्यात लोखंड तपासतात म्हणालीस ना मागे? त्याला हा तुकडा तपासायला दे आणि काय निघतं ते कळव.

कोळसाही हलका येतोय. पूर्वी दहा-बारा मिनिटांत रंग यायचा, आता पंखा वाढवूनही ताटकळत बसावं लागतं. लोखंड खोटं, कोळसा खोटा, माणसाने धंदा करायचा तरी कसा?

आणि खरं सांगायचं तर घणालाही कोणी नाही. एकट्याने एका हातात पातं धरून दुसऱ्या हाताने ठोकलं की घाव एकसारखा पडत नाही. कुठे दाट, कुठे विरळ. ताण राहतो, मग तडकणारच. तू आलीस तर सगळं जागेवर येईल. परीक्षा झाली की ये. तुझं कारण मला पटलेलं नाही, पण पटल्यासारखं करतो.

आण्णा

*

बडोदा
२२ जुलै २०२५

आण्णा,

नमस्कार. डबी मिळाली. तुकडा यशराजकडे दिला आहे. त्यांच्याकडे कामाची गर्दी असते, तपासणीला वेळ लागेल म्हणाला. कळलं की लिहिते.

तोवर मी विचारते त्याची उत्तरं दे, आणि का विचारतेस असं विचारू नकोस. पाणी देताना दार अजून लावून घेतोस ना, अप्पांसारखं? की उजेडात देतोस? पातं भट्टीतून काढताना कोणत्या रंगावर काढतोस? ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तपासायला बोलावलं तेव्हा काय म्हणाले? वहिनीची ती अबोली साडी अजून आहे का, सौंदर्याच्या बारशाच्या वेळची? ती आता कशी दिसते?

माझं यायचं अजून ठरत नाही. परीक्षा पुढे ढकलली आहे.

शिवलीला

*

शिवाजी पेठ
८ ऑगस्ट २०२५

शिवलीला,

तुझं पत्र वाचून वाटलं हे कोणी परक्याने लिहिलं आहे. मी लोखंडाचं विचारतो आणि तू साड्यांचं विचारतेस.

तरी उत्तर देतो, कारण विचारलंस. दार लावूनच पाणी देतो. अप्पांनी दाखवला त्याच रंगावर काढतो, पिकल्या संत्र्याच्या सालीवर, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. डॉक्टर म्हणाले, डोळे तरण्या माणसासारखे झालेत. आणि ती अबोली साडी मला गुलाबी दिसते. मी दानम्माला म्हणालो, नवी घेतलीस का गुलाबी? ती म्हणाली, "डोळं नवं हायत की साडी? अबोलीच हाय ती, जुनीच." झालं समाधान?

आता माझं ऐक. एक पातं तडकलं असं मी लिहिलं ते खोटं होतं. सात तडकली. मे महिन्यापासून एकही पातं पाण्यातून धड वर आलेलं नाही. धैर्यशीलचा एक सुरा वाचला असं वाटलं म्हणून दिला, तो दुसऱ्या दिवशी टोकाशी तुटला. तो घेऊन आला आणि माझ्या तोंडासमोर ओरडून म्हणाला, "मामा, राहू दे. तुमचं वय झालंय. मी दुकानातनं आणतो." वाईट म्हणून नाही, मायेने म्हणाला. त्याचाच जास्त त्रास झाला. अर्धी पेठ तालमीसमोर उभी होती, सगळ्यांनी ऐकलं, एक मीच ते ओठांवरून वाचलं.

पन्नास वर्षं जे हाताला येत होतं ते एका उन्हाळ्यात कुठे गेलं? मी रोज सकाळी ऐरणीला हात लावतो आणि विचारतो, माझं काय चुकलं? मला भीती वाटते, लीला. हे मी दानम्मालाही सांगितलेलं नाही.

घण मारायला ये असं दोनदा लिहिलं. तुला परीक्षा, नात, कणीक. बडोद्याला गेलीस आणि लोहाराची राहिली नाहीस, एवढंच मला समजलं. नवमीपर्यंत पातं झालं नाही तर मी भट्टीत पाणी ओतणार. तुला कळवायचं म्हणून कळवलं. तपासणीचं काय झालं तेही आता सांगू नकोस.

सोमशेखर

*

बडोदा
१८ ऑगस्ट २०२५

आण्णा,

नमस्कार. हे पत्र दार लावून, एकट्याने वाच.

मीही खोटं लिहिलं. तुझा तुकडा यशराजला दिलेलाच नाही. डबी उघडली, तुटलेली बाजू उजेडात धरली, आणि कारखान्याची गरज उरली नाही. अप्पा तुटलेलं पातं आपल्या दोघांपुढे धरून विचारायचे ते आठव. बरोबर तापलेलं पोलाद तुटलं तर आत राखेसारखं बारीक दिसतं. जास्त तापलेलं तुटलं तर आत साखरेसारखे चमकते दाणे दिसतात. तुझ्या तुकड्यात साखर होती. लोखंड चांगलं आहे, कोळसा चांगला आहे, एकट्याच्या घावाचाही दोष नाही. तू पातं जास्त तापवतोस.

हे मला चार आठवडे लिहवलं नाही. तुला, आणि रंग चुकला असं सांगायचं, म्हणजे तुझा चाकू तुलाच मारायचा. आधी मला वाटलं मीच चुकते आहे. म्हणून साडीचं विचारलं. आमच्या इमारतीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई राहतात, त्यांच्याशी बोलले. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यावर पिवळट पडदा चढत जातो, इतका हळू की माणसाला कळत नाही. ऑपरेशन झालं की तो पडदा जातो आणि सगळे रंग थोडे निळ्याकडे सरकतात. ऑपरेशन उत्तम झालं आहे, तीच तर अडचण आहे. गेली दहा-पंधरा वर्षं तू लोखंडाचा रंग त्या पिवळ्या पडद्यातून बघत होतास. तुझं संत्र्याचं साल आता वेळेवर येणारच नाही. तू त्याची वाट बघत बसतोस आणि पातं तिकडे जळून जातं. कोळसा हलका नाही, तू थांबतोस जास्त.

तुझं काही चुकलेलं नाही. ऐरणीला विचारणं बंद कर.

आता माझं. दोन वर्षांपूर्वी मी न्हाणीत पाय घसरून पडले. उजव्या खांद्यातली शीर तुटली, ऑपरेशन करून स्क्रू घातले. हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी सौंदर्या घालून देते. कणीक मी डाव्या हाताने मळते आणि ती दोन माणसांचीसुद्धा नीट होत नाही. तुला सांगितलं नाही, कारण प्रत्येक पत्रात तू माझ्या घणाचं लिहायचास. जगात एका ठिकाणी तरी माझा हात अजून वर जातो आहे, ते मला मोडवलं नाही. मी घण मारू शकणार नाही, आण्णा. आता कधीच नाही.

पण बघू शकते. माझ्या डोळ्यांना अजून मोतीबिंदू नाही आणि चाकूही लागलेला नाही. कोपरापासून खाली हात चालतो. सांडशी मला दे, हातोडीने जागा मी दाखवते, घण तू मार. मला हे फार हवं आहे. तेरा सप्टेंबरला पोचते, एकवीसला निघावं लागेल, खांद्याची तपासणी आहे. तिकीट काढलं, आता नको म्हणू नकोस.

शिवलीला

*

शिवाजी पेठ
२९ ऑगस्ट २०२५

लीला,

पत्र वाचलं. मग दानम्माला वाचून दाखवलं, खांद्याचं वाचताना तिने पत्र हातातून ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोन वर्षं. सख्ख्या भावाला पडल्याचं कळवू नये? मी इकडे पेठेत तुझा हात मिरवत होतो आणि तुला वेणी घालता येत नव्हती. मागच्या पत्रात जे लिहिलं ते माझं मला आता वाचवणार नाही. तू ते पत्र फाडून टाक.

रंगाचं तू म्हणतेस तसं असेल. मी आज मुद्दाम एक तुकडा तडकवून बघितला. साखर आहे. डोळ्यासमोर होती आणि मी बघितली नव्हती, कारण माझ्याकडून जास्त तापतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्याच्या पात्यात मी ती दहा हातांवरून ओळखली असती.

ये. उभी राहा आणि रंग सांग. सांडशी मात्र माझ्याकडे राहील. त्या जागेवर अप्पांनंतर मी बसलो, दुसरं कोणी नाही. एवढं राहू दे.

वहिनीने पोळ्यांचा बेत आताच ठरवला आहे.

आण्णा

*

शिवाजी पेठ
४ ऑक्टोबर २०२५

लीला,

तू गेल्याला आज तेरा दिवस झाले. वहिनी अजून तीन कप चहा टाकते.

नवमीला काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो. पण आधी त्या आठ दिवसांतलं माझ्या बाजूचं सांगतो, कारण तिथे मी काही बोललो नाही. ओरडून बोलणाऱ्या माणसाला मनातलं बोलता येत नाही.

पहिले दोन दिवस सांडशी मी सोडली नाही. तू मागे उभी होतीस. रंग आला की माझ्या पाठीवर थाप मारायचं ठरलं होतं. तू थाप मारलीस तेव्हा पातं मला कच्चं दिसत होतं, नुसतं तांबडं. माझे डोळे सांगत होते थांब. मी थांबलो. ते तडकलं. दुसऱ्या दिवशी परत थाप मारलीस आणि मी परत थांबलो. तेही गेलं. मला त्या दिवशी कळलं की मी सांगितलेलं ऐकणार नाही, सांडशी हातात असेपर्यंत मी माझ्याच डोळ्यांचं ऐकणार.

म्हणून तिसऱ्या दिवशी उठलो. तुला वाटलं असेल पाणी प्यायला उठलो. तू बसलीस, उजवं कोपर अंगाशी धरून, डाव्या हाताने सांडशी पकडलीस आणि हातोडीने ऐरणीवर दोनदा वाजवलंस. ते मला ऐकू आलं नाही, पायाला कळलं. मी घण उचलला. सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मला समजलं की त्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय. वीस घावांत छाती भरून आली. तू दाखवत होतीस तिथेच मारत होतो, दोनदा चुकलो, तू डोळे वटारलेस, अगदी अप्पांसारखे.

मग पाणी. मला ऐकू येत नाही, आणि सांडशी हातात नव्हती. मला कळायला काही उरलंच नव्हतं. तू पातं पाण्यात घातलंस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. तू कान लावून होतीस. मी एवढा घाबरलो होतो की देवाचं नाव आठवेना. मग तू होकाराची मान हलवलीस. मी भिंतीकडे वळलो ते घाम पुसायला वळलो नव्हतो.

नवमीला ते पातं ऐरणीवर ठेवलं. हळद-कुंकू वाहिलं, भस्म लावलं. धैर्यशील प्रसादाला आला होता. त्याने पातं उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला, नखावर धार बघितली आणि कानाशी येऊन म्हणाला, "मामा, हे तुमच्या हातचं न्हाय. कुणाचंय?" वीस वर्षं तो माझे सुरे वापरतो, त्याला फसवता येत नाही. मी म्हणालो, "माझ्या बहिणीचं हाय." तो म्हणाला, "मग त्यास्नीच सांगा की माझं चार सुरं." भट्टी चालू आहे, लीला. पाणी ओतलं नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मी तेरा दिवस घेतले आहेत.

तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी अप्पांनी एकदा आपल्या दोघांना भट्टीसमोर उभं केलं होतं. पातं तापत होतं आणि अप्पा म्हणाले, रंग आला की हात वर करा. तू आधी केलास. मी नंतर. अप्पांनी तुझ्या हाताच्या इशाऱ्यावर पातं काढलं आणि ते उत्तम निघालं. तू हसत घरात गेलीस. मागे अप्पा मला म्हणाले, "सोमू, रंग लीलाला कळतोय. तुला शिकावा लागंल. तिला गल्लीतच द्यायची, भट्टीजवळ." त्यांच्या मनात अमरेशचं स्थळ होतं, चार घरं सोडून. सांडशीचंही ते बोलले होते. म्हणाले, रीत गेली चुलीत, तिला बसवूया.

मी रात्रंदिवस जळलो. जन्मभर ह्याच गल्लीत माझं प्रत्येक पातं तुझ्या डोळ्याने मोजलं जाणार, एवढंच मला दिसत होतं. मी अप्पांना सांगितलं की अमरेशला पिण्याचा नाद आहे. त्याने उभ्या जन्मात चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. बडोद्याचं स्थळ मी शोधून आणलं. नकाशात लांब बघून शोधलं. अप्पा गप्प होते ते तू नकोशी होतीस म्हणून नव्हे. तू चाललीस म्हणून त्यांना बोलवत नव्हतं. मग तीन वर्षं लागली मला रंग शिकायला, आणि तेवढ्या वर्षांत अप्पा एकदाही म्हणाले नाहीत की ती असती तर.

तू त्या जागेवर बसलीस तेव्हा मी बघत होतो. तुला काही शिकवावं लागलं नाही. सदतीस वर्षं मी तुझ्या जागेवर बसलो होतो.

मला काय म्हणायचं ते म्हण.

सोमू

*

बडोदा
१४ ऑक्टोबर २०२५

आण्णा,

वर नमस्कार लिहिलेला नाही. विसरले नाही, लिहिला नाही.

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. सौंदर्याने विचारलं, मामा बरा आहे ना? मी म्हटलं, त्याला काय धाड भरली आहे.

अप्पांच्या शेवटच्या आजारात मी आले ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी निघाले. निघताना त्यांनी माझा हात धरला होता आणि काही बोलत होते. मी गाडीचं कारण सांगून हात सोडवून घेतला. ज्याने मला लांब टाकलं त्याला आता काय बोलायचं आहे, असं माझ्या मनात होतं. तू हे सगळं लिहून मोकळा झालास. तो हात मला कुठे मिळणार?

हे भले माणूस होते. त्यांच्याबरोबरचा संसार मला नको होता असं मी कधी म्हणणार नाही, सौंदर्या नको होती असं तर मरेपर्यंत नाही. पण भांडी घासताना, रांगेत उभी असताना, ह्यांच्या कारखान्याच्या भोंग्याला दचकून उठताना मी जे मागत होते ते माझ्या नावावर होतंच, आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी स्वतःला समजावत राहिले की मुलीला कुठे कोण सांडशी देतं. अप्पा देणार होते. हे वाचल्यावर मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि रडले. आनंदाने रडले की रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अप्पांना रंग लीलाला कळतो असं वाटत होतं. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. तसं वाटेल त्या दिवशी लिहीन. वाटलं नाही तर नाही लिहिणार, आणि तू पुन्हा विचारायचं नाहीस.

वहिनीला हे पत्र दाखव. तिलाही कळू दे.

दिवाळी झाली की मी येते. भाऊबीजेला येत नाही, यंदा ओवाळणार नाही. कामाला येते. सौंदर्याशी बोलले, वर्षातले सहा महिने मी कोल्हापुरात राहणार. माडीवरची खोली रिकामी करून ठेव, तिथला भंगार पाट्यांचा ढीग खाली ने. धैर्यशीलला कळव की त्याचे चार सुरे डिसेंबरात मिळतील, आणि घाई करायची नाही. लहान हातोडी माझ्या हाताला जड जाते, दांडा चार बोटं कमी करून घे.

सांडशी माझ्याकडे राहील. रोज. तू समोर उभा राहायचंस आणि मी दाखवेन तिथे घण टाकायचास. छाती भरून येईल, येऊ दे. माझी सोळाव्या वर्षापासून येत होती, मला कोणी विचारलं नव्हतं.

शिवलीला